न्यू जर्सीच्या यादीत नावं कमी का दिसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षं टेक्सासमध्ये प्लेनोला काढून तुम्ही या उन्हाळ्यात न्यू जर्सीत एडिसनला घर घेतलंत. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. तिकडे लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी वेबसाइटवर घराचा पत्ता टाकला की नकाशावर ढीगभर टिंबं यायची, इथे बोटांवर मोजण्याइतकी येतात. म्हणजे हा भाग जास्त सुरक्षित, की इथे काही लपवलं जातंय? दुसरं, कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका माणसाचा फोटो आणि पत्ता फिरतोय. तुम्ही रविवारची मराठी शाळा चालवता, तर तो पालकांच्या ग्रुपवर टाकावा का? तिसरं, घर दाखवणाऱ्या एजंटने हे आधी सांगायला नको होतं का? शिवाय नाशिकहून आलेल्या तुमच्या सासऱ्यांनी विचारलंय, की आपल्या देशात अशी यादी का नाही.

मी इथे चोवीस वर्षं फौजदारी वकिली करते. पहिली सहा वर्षं एका काउंटीच्या सरकारी वकिलांच्या, म्हणजे प्रॉसिक्युटरच्या कचेरीत होते, पुढे बचावाच्या बाजूला आले. या याद्यांच्या कायद्याखालच्या सुनावण्या दोन्ही बाजूंनी केल्या आहेत. त्यामुळे जे सांगते आहे त्यात कायदा आहे आणि माझं मतही आहे. कुठे काय आहे ते वाचताना कळेलच.

टिंबांचं आधी. टेक्सासमध्ये नोंदणी करावी लागलेला जवळपास प्रत्येक प्रौढ माणूस सार्वजनिक वेबसाइटवर दिसतो. त्याची जोखीम किती ठरवली आहे ते तिथे लिहिलेलं असतं, पण जोखीम कमी म्हणून नाव झाकलं जात नाही. न्यू जर्सीत नोंदणी ही एक गोष्ट आणि ती कुणाला दाखवायची ही दुसरी. नोंदणी सगळ्यांना करावीच लागते. राहत्या गावच्या पोलिसांकडे जायचं, पत्ता, नोकरी, गाडी सगळं लिहून द्यायचं, ठरलेल्या मुदतीत पुन्हा जाऊन ते खरं असल्याचं सांगायचं. ते चुकवलं तर तो वेगळा गुन्हा. मात्र ही माहिती पोलीस ठाण्याबाहेर किती जाईल ते त्या माणसाचा टियर, म्हणजे जोखमीची पातळी, पाहून ठरतं. टियर एक, म्हणजे कमी जोखीम: पोलिसांना आणि पीडित व्यक्तीला कळवतात, संपलं. टियर दोन, मध्यम: त्या भागातल्या शाळा, पाळणाघरं, उन्हाळी शिबिरं आणि ज्यांनी आधी नाव नोंदवलं आहे अशा संस्थांना कळवतात. टियर तीन, जास्त जोखीम: ज्यांची त्या माणसाशी गाठ पडण्याची शक्यता आहे अशा घरांना पोलीस दारात येऊन सांगतात. वेबसाइटवर टियर तीनची माणसं आणि टियर दोनमधली बरीचशी दिसतात. टियर एकचं सहसा कुणी दिसत नाही.

तेव्हा तुमची प्लेनोची टिंबं आणि एडिसनची टिंबं एका मापाने मोजलेलीच नाहीत. त्यांची तुलना करून ‘हा भाग बरा’ किंवा ‘इथे लपवतात’ यातलं काहीच निघत नाही.

प्रत्येक राज्याचं असंच वेगळं आहे. न्यू यॉर्कमध्येही तीन पातळ्या आहेत, पण तिथे पातळी न्यायाधीश ठरवतात. पहिल्या पातळीची मुदत 20 वर्षं, त्यापुढच्या दोन्ही जन्मभर. कॅलिफोर्नियात 2021 पर्यंत सरसकट सगळे जन्मभर यादीत असायचे, आता 10 वर्षं, 20 वर्षं आणि जन्मभर असे तीन गट केले आहेत. फ्लोरिडात बाहेरचा नोंदणीकृत माणूस वर्षात तीन दिवस मुक्कामाला राहिला तरी त्याला तिथे नोंदणी करावी लागते, आणि एकदा त्या राज्याच्या वेबसाइटवर चढलेलं नाव तो निघून गेला तरी उतरत नाही. माझ्याकडे आलेला एक माणूस मुलांना ऑरलँडोला फिरवून आणायच्या बेतात होता. मी त्याला तिकिटं रद्द करायला लावली.

ही सरमिसळ का झाली ते कळायला थोडं मागे जावं लागेल. कॅलिफोर्नियाने 1947 साली पहिल्यांदा राज्यभर यादी केली, पण ती पोलिसांच्या कपाटात राहायची. शेजाऱ्यांना सांगायची कल्पना वॉशिंग्टन राज्याची. 1989 मध्ये टकोमा शहरात जुन्या गुन्हेगाराने एका लहान मुलावर अमानुष अत्याचार केल्यावर 1990 चा कायदा आला. त्याच 1989 च्या ऑक्टोबरमध्ये मिनेसोटात अकरा वर्षांच्या जेकब वेटरलिंगला सायकलवरून घरी येताना पळवून नेलं. त्याच्या नावाच्या 1994 च्या केंद्रीय कायद्याने सगळ्या राज्यांना याद्या करायला लावल्या. जेकबचे अवशेष सापडायला 2016 उजाडलं. त्याची आई पॅटी वेटरलिंग यांनी या कायद्यासाठी जिवाचं रान केलं, आणि पुढे त्यांनीच जाहीरपणे सांगितलं की याद्या गरजेपेक्षा फार रुंद झाल्या आहेत. त्या बाईंचं हे म्हणणं मी आजवर कुठल्याही न्यायालयीन निकालाइतकंच मोलाचं मानत आले आहे.

शेजाऱ्यांना कळवण्याच्या या कायद्याचं ‘मेगन्स लॉ’ हे नाव मात्र आपल्या न्यू जर्सीचं. तुमच्या घरापासून तासाभराच्या आत असलेलं हॅमिल्टन टाउनशिप. 29 जुलै 1994 रोजी सात वर्षांची मेगन कांका समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून आत नेली. तिचा बलात्कार करून खून झाला. मुलांवरच्या अशाच गुन्ह्यांत तो आधी दोनदा दोषी ठरला होता आणि गल्लीत कुणालाही ते माहीत नव्हतं. ‘आम्हाला माहीत असतं तर’ हे मेगनच्या आईवडिलांचं वाक्य म्हणजेच हा कायदा. तीन महिन्यांत, 31 ऑक्टोबरला, राज्याने तो केला. 17 मे 1996 रोजी केंद्राने तसाच कायदा करून शेजाऱ्यांना कळवणं सगळ्या राज्यांवर बंधनकारक केलं.

न्यू जर्सीत टियर नीट पाळले जातात याचं श्रेय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला. 1995 च्या ‘डो विरुद्ध पोरिट्झ’ खटल्यात त्यांनी कायदा उचलून धरला, पण अट घातली: टियर दोन किंवा तीनचं कळवणं सुरू व्हायच्या आधी त्या माणसाला न्यायाधीशांपुढे हरकत घेता आली पाहिजे, वकील मिळाला पाहिजे. केंद्राचा 2006 चा अ‍ॅडम वॉल्श कायदा उलट वाटेने जातो. तो माणसाची जोखीम बघतच नाही, गुन्ह्याचं कलम बघतो आणि 15 वर्षं, 25 वर्षं किंवा जन्मभर असं वर्गीकरण करतो. तो न स्वीकारणाऱ्या राज्याच्या एका केंद्रीय अनुदानातला 10 टक्के हिस्सा कापला जातो. तरीही न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियाने आपापली पद्धत सोडली नाही.

आता तो कागद तुम्हाला दाखवते ज्यावर हे सगळं उभं आहे. टियर ठरवण्यासाठी सरकारी वकील प्रत्येक माणसासाठी एक तक्ता भरतात. तेरा प्रश्न. प्रत्येकाला कमी, मध्यम, जास्त, म्हणजे 0, 1 किंवा 3 गुण, आणि त्याला त्या भागाच्या वजनाने गुणायचं. पहिला भाग गुन्हा किती गंभीर: बळ किती वापरलं, स्पर्श कसा होता, पीडित व्यक्तीचं वय किती. वजन 5. दुसरा पूर्वेतिहास: पीडित व्यक्ती ओळखीची की परकी, किती जणांना त्रास दिला, किती काळ चाललं, शेवटच्या गुन्ह्याला किती दिवस झाले, इतर गुन्हे आहेत का. वजन 3. तिसरा माणसाचा स्वभाव: उपचारांना प्रतिसाद, दारू आणि नशा. वजन 2. चौथा आधार: उपचार चालू आहेत का, घर स्थिर आहे का, नोकरी आहे का. वजन 1. एकूण 111. 36 पर्यंत टियर एक, 37 ते 73 टियर दोन, त्यापुढे तीन.

बेरीज करून बघा. पहिल्या दोन भागांत 111 पैकी 90 गुण आहेत. माणसाने नोकरी धरली, घर सांभाळलं, उपचार मन लावून घेतले, तरी तो उरलेल्या 21 गुणांतच हालचाल करू शकतो. मी बचावाच्या बाजूने उभी राहते तेव्हा या 21 गुणांसाठी भांडते. मालकाचं पत्र, समुपदेशकाचा अहवाल, भाड्याच्या पावत्या असं काय काय पुढे करते. 38 चे 36 झाले तर त्या माणसाच्या मुलीच्या शाळेत बापाचा फोटो जात नाही. दोन गुणांवर एक घर तगतं, म्हणून हे भांडण मला कधी क्षुल्लक वाटलं नाही.

पण तुमच्या दृष्टीने त्या तक्त्यातली एकच ओळ महत्त्वाची आहे. दुसऱ्या भागात, पीडित व्यक्ती कोण होती या ओळीत परक्याला सर्वाधिक गुण, ओळखीच्याला त्याहून कमी आणि घरच्या माणसाला शून्य. सख्ख्या भाचीला त्रास देणाऱ्याला या ओळीत 0, रस्त्यावरच्या अनोळखी मुलीला धरणाऱ्याला 9. त्यात भर म्हणजे मध्यम जोखमीच्या माणसाचा एकच गुन्हा असेल आणि तो नात्यातल्या किंवा आपल्या ताब्यातल्या मुलावर केलेला असेल, तर साधारणपणे त्याचं नाव वेबसाइटवर टाकतच नाहीत. यामागे एक चांगलं कारण आहे. बापाचं नाव आणि ‘अल्पवयीन मुलीवर अत्याचार’ असं लिहिलं की ती मुलगी कोण हे सगळ्या शाळेला कळतं. मी सरकारी वकील असताना या नियमाच्या बाजूने होते, आजही आहे. पण त्याचा परिणाम असा, की जो प्रकार सगळ्यात जास्त घडतो तोच यादीत सगळ्यात कमी दिसतो.

किती जास्त घडतो? केंद्रीय न्याय विभागाने 1991 ते 1996 या काळातल्या 12 राज्यांच्या पोलीस नोंदी तपासून 2000 साली अहवाल काढला. मुलांवरच्या ज्या लैंगिक अत्याचारांची तक्रार झाली त्यांत करणारा 34 टक्के प्रकरणांत घरचा होता, 59 टक्क्यांत ओळखीचा, आणि 7 टक्क्यांत अनोळखी. आणि हे फक्त पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या प्रकरणांचं. घरातलं किती पोहोचतं ते आपल्या लोकांना मी वेगळं सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी एका बाईंचा फोन आला होता. देशी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलत होत्या, कारण घरातून बोलता येत नव्हतं. भाज्यांच्या पिशव्या मागच्या सीटवर, मुलगी शाळेत. नव्या घरात राहायला येण्याआधी त्यांनी यादी तपासली होती, तीन-तीनदा तपासली होती. बसथांब्यापर्यंतच्या वाटेवर कुणी नाही याची खात्री करून घेतली होती. मुलीला त्रास देणारा माणूस तळघरात राहत होता. नवऱ्याचा चुलतभाऊ, नवी नोकरी शोधायला आलेला, संध्याकाळी मुलीचा गणिताचा अभ्यास घेणारा. त्याच्यावर कधीच गुन्हा नव्हता. जगातल्या कुठल्याच यादीत त्याचं नाव नव्हतं. बाईंचा पहिला प्रश्न होता, ‘हे घरातल्या घरात मिटवता येईल का?’

नाही येत. न्यू जर्सीत मुलावर अत्याचार होत असल्याचा रास्त संशय आलेल्या कुठल्याही व्यक्तीने ताबडतोब राज्याच्या बालसंरक्षण विभागाला कळवायचं असतं. फक्त डॉक्टर-शिक्षकांनी नव्हे, कुणीही. आत्याने, शेजारणीने, मराठी शाळेतल्या ताईंनी. फोन चोवीस तास चालू असतो. आपल्या बायका तो फोन करायला घाबरतात त्याचं एक कारण मला वारंवार ऐकू येतं: नवऱ्याच्या व्हिसावर आहे, हे बाहेर पडलं तर सगळ्यांनाच परत जावं लागेल. पोलिसांना सहकार्य करणाऱ्या पीडितांसाठी यू व्हिसा आहे, आणि पीडित मूल लहान असेल तर त्याच्या आईलाही त्यासाठी अर्ज करता येतो. रांग लांब आहे, कारण वर्षाला मुख्य अर्जदारांसाठी 10,000 चीच मर्यादा आहे, पण वाट आहे. अत्याचार करणारा नवराच असेल आणि तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर वेगळा, त्याहून बरा मार्ग आहे. हे माहीत नसल्यामुळे कुणी गप्प बसू नये म्हणून इथे लिहिते आहे, जरी तुम्ही ते विचारलं नव्हतं.

यादीतली माणसं किती धोक्याची, यावरही दोन शब्द. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये अलास्काच्या खटल्यात असे कायदे मागल्या तारखेपासून लावायला परवानगी दिली, तेव्हा पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ‘भीतिदायक आणि मोठं’ असल्याचं गृहीत धरलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीच्या निकालात 80 टक्क्यांचा आकडा आला होता. त्या आकड्याचा माग काढला तर तो 1986 च्या एका लोकप्रिय मासिकातल्या लेखापाशी जाऊन थांबतो, आणि तिथे त्याला कसलाही आधार दिलेला नाही. 1994 मध्ये 15 राज्यांतल्या तुरुंगांतून सुटलेल्या 9,691 पुरुषांचा न्याय विभागाने तीन वर्षं माग ठेवला. त्यांतल्या 5.3 टक्के जणांना नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झाली. अटक न झालेले गुन्हे यात येत नाहीत, तेव्हा खरा आकडा यापेक्षा मोठाच असणार. तरी 80 आणि 5.3 यांत केवढं अंतर आहे बघा. आपल्याच राज्यात 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेगन्स लॉमुळे पुन्हा होणारे लैंगिक गुन्हे कमी झाल्याचं दिसलं नाही.

मग यादी नकोच का? मी तसं म्हणत नाही. टियर तीनचा माणूस शेजारी आला तर मला कळलंच पाहिजे, मीही आई आहे. पोलिसांकडची नोंद तपासात कामाला येते, ते मी आतून पाहिलं आहे. फक्त ती नोंद म्हणजे आपल्या मुलांभोवतीचं कुंपण आहे असं समजून कुणी निर्धास्त होऊ नये.

आता तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो. आधी तो कुठून आला ते बघा. वेबसाइटवरचं चित्र असेल तर ती माहिती सगळ्यांसाठी खुली आहे. पण पोलिसांनी टियर तीनबद्दल दारात येऊन दिलेला कागद असेल तर तो त्या घरापुरता असतो. घरातली मोठी माणसं, मुलांना सांभाळणारी बाई, एवढ्यांनी तो वाचायचा. ग्रुपवर टाकणं त्या अटींच्या विरुद्ध आहे. आणि दोन्हींना लागू असलेली गोष्ट: ही माहिती वापरून कुणी गुन्हा केला, काच फोडली, धमकी दिली, तर या राज्यात त्या वापराचाच वेगळा गुन्हा नोंदतात. घर भाड्याने देणं, विमा, कर्ज यांसाठी ती वापरायलाही, कुणाला खरोखर धोका असल्याशिवाय, बंदी आहे.

मी स्वतः तो फोटो पुढे पाठवला नसता. कारण पाठवल्यावर तो आपल्या हातात राहत नाही. एका कुटुंबाचं मी पाहिलं आहे. यादीतला माणूस त्या टाउनहाउसमधून केव्हाच निघून गेला होता, वेबसाइटवरचा पत्ताही बदलला होता, पण दोन वर्षांपूर्वीचं चित्र ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरत राहिलं. त्या घरात नवीन भाडेकरू आले होते, आपल्यासारखेच. त्यांच्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला बावीस पानं मांडली होती आणि तिघं आली. का, ते त्यांना सहा महिन्यांनी कळलं. तुम्हाला खात्री करायचीच असेल तर राज्य पोलिसांच्या वेबसाइटवर स्वतः जाऊन आजचा पत्ता बघा. दुसऱ्या राज्यांसाठी केंद्रीय न्याय विभागाची एकत्रित शोध वेबसाइट आहे, ती प्रत्येक राज्याच्या यादीत शोधून देते. पालकांना काही सांगायचंच असेल तर ती वेबसाइट कशी बघायची एवढं सांगा.

एजंटचं. त्याने काही लपवलं नाही. तुमच्या खरेदीच्या करारात मेगन्स लॉचं एक कलम आहे, काढून वाचा. त्यात म्हटलेलं असतं की कुणाला आणि कसं कळवायचं ते काउंटी प्रॉसिक्युटर ठरवतात, एजंटला धंद्याच्या नात्याने ती माहिती मिळत नाही आणि तो ती मिळवून देऊ शकत नाही, आणि व्यवहार पूर्ण झाल्यावर तुम्ही प्रॉसिक्युटरकडे विचारणा करू शकता. बहुतेक लोक त्या पानावर आद्याक्षरं करतात आणि पुढे जातात. तुम्ही आता तिथे फोन करू शकता.

ग्रुपवर कुणीतरी ‘असल्यांना शाळेजवळ राहूच देऊ नये’ असं लिहिलं असेलच. आपल्या राज्यातल्या चेरी हिल आणि गॅलोवे टाउनशिपने तसे नियम केले होते, पण 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. अशा नियमांचं टोक मायामीत दिसलं. मायामी-डेड काउंटीने शाळांपासून 2,500 फुटांची मनाई केल्यावर अनेकांना राहायला कायदेशीर जागाच उरली नाही, आणि खाडीवरच्या ज्युलिया टटल कॉजवे पुलाखाली तंबू-फळकुटांची वस्ती उभी राहिली. 2010 मध्ये ती हलवली. ज्याला पत्ता नाही त्याच्यावर लक्ष कसं ठेवायचं, हे तिथल्या कुणालाच सांगता येत नव्हतं.

सासऱ्यांना सांगा की भारतातही यादी आहे. 20 सप्टेंबर 2018 रोजी ती सुरू झाली, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो आणि सुरुवातीलाच तिच्यात 4.4 लाखांच्या आसपास नोंदी होत्या. फरक एवढाच, की ती फक्त पोलिसांना आणि तपास यंत्रणांना दिसते. नाशिकच्या कॉलनीत ती खुली केली तर काय होईल याचा विचार त्यांनी स्वतःच करावा. माझं मत विचाराल तर पोलिसांपुरती ठेवली तेच ठीक.

या दोन देशांना जोडणारा एक कायदाही आहे. 2016 च्या आंतरराष्ट्रीय मेगन्स लॉप्रमाणे नोंदणीकृत माणसाने परदेशी जाण्याआधी 21 दिवस कळवायचं असतं आणि अमेरिका त्या देशाला सावध करू शकते. मुलावरच्या गुन्ह्यासाठी नोंदणी असलेल्या अमेरिकन नागरिकाच्या पासपोर्टवर तसा शेरा छापलेला असतो. आपल्या लोकांना त्याहून जड जाते ती दुसरी गोष्ट. मुलावरच्या अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला, सरकारने त्याच्यापासून धोका नसल्याचं मान्य केल्याशिवाय, बायकोसाठी किंवा आईवडिलांसाठी अर्जच करता येत नाही. जो नागरिक नाही त्याला तर बहुधा देश सोडावा लागतो. ऑनलाइन गप्पांमध्ये पलीकडे मुलगी नसून पोलीस होता हा बचाव इथे चालत नाही. मुलाला फूस लावण्याचा प्रयत्न हाही नोंदणीचाच गुन्हा आहे. विशी-पंचविशीतल्या मुलांच्या आया माझ्यासमोर बसून रडतात तेव्हा उशीर झालेला असतो. आरोप झालाच असेल तर कबुलीच्या कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशनचा परिणाम वकिलाकडून समजून घ्या. तो सांगणं हे वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे, 2010 च्या पॅडिया खटल्यापासून.

राहिली तुमची मराठी शाळा, आणि खरं काम इथेच आहे. टियर दोनची माहिती पालकांना देत नाहीत, ती संस्थांना देतात, आणि तीही नाव नोंदवलेल्या संस्थांना. रविवारी भाड्याच्या वर्गांत भरणारी आपली शाळा सरकारी दप्तरात शाळा म्हणून नसते, त्यामुळे प्रॉसिक्युटरला तिचा पत्ताच माहीत नसतो. मिडलसेक्स काउंटीच्या प्रॉसिक्युटरच्या कचेरीत फोन करून ‘कम्युनिटी ऑर्गनायझेशन’ म्हणून नोंदणीचा अर्ज मागवा. शाळा कुठे भरते, किती मुलं येतात, कुठल्या वयाची, ते लिहा. माहिती घेण्यासाठी दोन माणसांची नावं द्या, एक मुख्याध्यापक आणि एक दर रविवारी दारात उभी राहणारी व्यक्ती. आलेला कागद त्या शाळेत मुलांची जबाबदारी असलेल्यांनीच वाचायचा, पालकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

त्याच फोनमध्ये स्वयंसेवकांच्या तपासणीचं विचारा. मुलांसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थांना राज्य पोलिसांमार्फत बोटांच्या ठशांवरून गुन्ह्यांची नोंद तपासून घेता येते. मुलांवरच्या गुन्ह्यासाठी नोंदणी झालेल्या माणसाला अशा संस्थेत पगारी किंवा बिनपगारी काम करणंच या राज्यात गुन्हा आहे, मग त्याचा टियर एक का असेना. वेबसाइटवर न दिसणारं नाव असं सापडू शकतं. गणेशोत्सवाच्या नाटकाची तालीम घेणाऱ्या काकांनाही ठसे द्यायला सांगा. ओळखीचे आहेत म्हणून वगळू नका.

आणि ठशांत न सापडणाऱ्यांसाठी: वर्गाच्या दाराच्या काचेवर लावलेले तक्ते काढून टाका, एका वर्गात दोन मोठी माणसं असू द्या, बालवर्गातल्या मुलांना स्वच्छतागृहात जोडीने पाठवा, आणि शाळा सुटल्यावर उरलेल्या शेवटच्या मुलाला कुणा एकट्याच्या गाडीत बसवू नका. शाळेचं नवं वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं. अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाईल असं बघा. भरताना अडलात तर मला लिहा, मी ओळ न् ओळ सोबत भरून देईन.